पिचरचा डावा पाय: खानापूरकडच्या एका शालेय खेळाडूचं प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातलं मराठी माध्यमाचं एक हायस्कूल. मुलगा दहावीतला, वय १५, उजव्या हाताने फेकणारा, अंगाने शिडशिडीत आणि वर्गातल्या बहुतेकांपेक्षा उंच. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि घरचे काही तपशील झाकले आहेत. पायाबद्दल आणि कोपराबद्दल लिहिलंय ते घडलं तसंच आहे.

बेसबॉल या भागात कुणी आवडीने धरत नाही, तो वाट्याला येतो. गावात खरं वेड कुस्तीचं आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचं. पाऊस सरला की कुठल्या ना कुठल्या माळावर मंडळाची स्पर्धा असतेच. शालेय स्पर्धांत बेसबॉल असतो, पण संघ मोजकेच उतरतात. त्यामुळे तालुका-जिल्हा ओलांडून विभागापर्यंत पोचायची आशा तिथे जास्त. पीटीच्या सरांनी हे गणित मुलांपुढे उघड मांडलं होतं, आणि त्यात गैर काही नाही. संघ बांधताना त्यांनी वेगवान गोलंदाज आणि सीमेवरून थेट यष्ट्यांवर फेकणारी पोरं उचलली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्सने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंशी करार केला. निवड स्पर्धेत उतरेपर्यंत दोघंही कधी बेसबॉल खेळलेले नव्हते. सर हे उदाहरण नेहमी देत. दंडात जोर असला की बाकीचं शिकवता येतं, असा त्याचा अर्थ ते काढत. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं या प्रकरणात पायाकडून आलं.

क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो. धावेत तोल थोडा इकडेतिकडे झाला तरी शेवटच्या दोन-तीन पावलांत तो सावरून घेतो. पिचरला, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला, धाव नाही. २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशा जमिनीत बसवलेल्या रबराला एक पाय टेकवून उभं राहायचं आणि तिथून एकच पाऊल टाकून ६० फूट ६ इंचांवरच्या, म्हणजे १८.४४ मीटरवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीकडे फेकायचं. ते एक पाऊल चुकलं तर सावरायला पुढे दुसरं नसतं. शिवाय गोलंदाजीत कोपर सरळ ठेवायचं असतं, इथे ते वाकवून झटक्याने उघडायचं असतं. टेनिसचा चेंडू ६० ग्रॅमच्या आतला. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. गावातल्या स्पर्धांत नाव कमावलेल्या हाताला हे ओझं नवीन होतं, हे कुणी फारसं ध्यानात घेतलं नव्हतं.

अडचण

जूनमध्ये शाळा भरली तशी पावसाची उघडीप साधून सराव सुरू झाला. सुरुवातीला मुलाने सगळ्यांना चकित केलं. त्याचा चेंडू कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे बसून झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हजवर आपटला की आवाज हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत जायचा. जुलै अर्धा सरला आणि चेंडू एकाच ठिकाणी चुकू लागला: उंच, आणि कॅचरच्या डाव्या हाताला. उजवा फलंदाज नेमका त्याच बाजूला उभा असतो, त्यामुळे सरावात पोरं बॅट घेऊन उभी राहायला कचरू लागली. कॅचर कन्नड घरातला. तो प्रत्येक चेंडूनंतर ‘एड, एड’ असं ओरडून डावीकडे गेल्याचं सांगायचा, आणि मुलगा पुढचा चेंडू उलट दिशेला ओढायला जायचा. ओढताना डोकं आणि छाती आणखी लवकर डावीकडे वळायची. दुरुस्तीनेच चूक वाढत होती.

दुखण्याबद्दल त्याने कुणाला सांगितलं नाही. घरी भरलेली घागर उजव्या हाताने उचलेना, तेव्हा आईच्या लक्षात आलं. ‘अवघडलाय हात, जाईल,’ एवढंच उत्तर तिला मिळालं. मामा तालमीतले जुने पैलवान. त्यांनी तेल कोमट करून कोपर चोळून दिलं. दोन दिवस बरं वाटलं, आणि सरावाला गेल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला पुन्हा तीच कळ. तालुक्याची स्पर्धा तोंडावर होती. याच टप्प्यावर सरांनी मला बोलावलं. त्यांचा प्रश्न हाताविषयी होता: ‘आर्म अ‍ॅक्शन बघा याची, काहीतरी बिघडलंय.’

पाहणी

सरावाच्या चित्रफिती सरांच्या मोबाइलमध्ये आधीपासून होत्या, पण सगळ्या समोरून घेतलेल्या. समोरून बघितलं की नजर हातावर आणि चेंडूवरच जाते. कॅचरने त्या दिवशी एकच गोष्ट चांगली सांगितली: चेंडू सुटायच्या आधीच याची छाती मला पूर्ण दिसते. म्हणून मुलाला चेंडू न देता नुसती कृती करायला लावली, रबराच्या पुढच्या जमिनीवर फक्की भुरभुरली आणि मोबाइल त्याच्या पाठीमागे ठेवला. फक्कीत उमटलेलं पाऊल बघायला यंत्र लागत नाही.

उजव्या हाताच्या पिचरचा डावा पाय कुठे पडावा, यात प्रशिक्षकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. मागच्या पायाच्या घोट्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर पुढचं पाऊल त्या रेघेवर किंवा तिच्या किंचित उजवीकडे, तिसऱ्या बेसच्या बाजूला पडावं. (बेस म्हणजे धाव घेताना गाठायचे टप्पे; पिचरच्या डाव्या हाताला पहिला, उजव्या हाताला तिसरा.) बोटं प्लेटच्या दिशेला असावीत, पण नाकासमोर सरळ नव्हेत. थोडी आत, तिसऱ्या बेसकडे वळलेली. पावलाची लांबी उंचीच्या साधारण ८० ते ९० टक्के. मैदानावर मोजायचं तर स्वतःच्याच बुटांनी सहाच्या आसपास. गुडघा टेकताना थोडा वाकलेला आणि टेकल्यावर पक्का.

यामागचं कारण सरळ आहे. पुढचा पाय रोवला गेला की कंबर वळते, तिच्यामागे छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. जोर जमिनीतून वर चढत जातो. पाऊल डावीकडे उघडं पडलं तर कंबर वेळेआधीच वळून मोकळी होते, छाती तिच्यामागून उघडते आणि हात मागेच राहतो. मग पायाने आणि कंबरेने करायचं काम खांद्याला आणि कोपराला करावं लागतं. मागे राहिलेल्या हातातून चेंडू उंच आणि हाताच्या बाजूला सुटतो, आणि ताण येतो कोपराच्या आतल्या अंगावर. उलट टोकही वाईटच. पाऊल फार उजवीकडे पडलं तर कंबर अडकते आणि अंगाला आडवं फेकावं लागतं. पण या मुलाचा तो प्रश्न नव्हता.

फक्कीतलं त्याचं पाऊल रेघेच्या चांगलं अर्धा फूट डावीकडे होतं आणि बोटं पहिल्या बेसकडे. लांबी बरोबर होती. ‘सर, मी सरळच टाकतोय की,’ मुलगा म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. पाठीमागून घेतलेली चित्रफीत दाखवेपर्यंत त्याला ते पटलं नाही.

पाय डावीकडे का जातो, यावर तिथेच तीन संशय पुढे आले. पहिला खड्ड्याचा. रबर मुरमाच्या जमिनीत ठोकलेलं होतं आणि सगळ्यांचे पाय पडून पडून पुढे घळ झाली होती. पावसाने ती चिखलाने भरायची आणि मुलगा तिला टाळत असावा. दुसरा उभं राहण्याच्या जागेचा. उजवा गोलंदाज ओव्हर द विकेट टाकताना यष्ट्यांच्या डावीकडून येतो. हाही सवयीने रबराच्या अगदी डाव्या टोकाला, पहिल्या बेसच्या बाजूला उभा राहायचा. तिसरा संशय मागच्या पायाचा. त्याची गोलंदाजीची शैली छाती समोर ठेवणारी होती. अशा गोलंदाजाचा मागचा पाय फलंदाजाकडे बोटं करून पडतो. पिचरचा मागचा पाय मात्र फेकताना रबराला समांतर, आडवा लागतो. याचा तो तिरपाच राहायचा, बोटं अर्धी प्लेटकडे. मागचा पाय असा असेल तर कंबर आधीच अर्धी उघडलेली असते आणि वर उचललेला डावा पाय बाहेरून फिरूनच खाली येतो.

पुढे आलेले पर्याय

सरांचा पहिला विचार होता की तालुक्याला त्याला मोजके चेंडू टाकू द्यावेत आणि दुरुस्ती नंतर करावी. दुसरा पिचर होता, पण त्याचा वेग बेताचा. मामांचं म्हणणं, महिनाभर मालिश आणि तालमीतले जोर, कोपर लोखंडासारखं होईल. आणखी एक सूचना वरिष्ठ खेळाडूंकडून आली: हात थोडा खालून, कडेने आणून फेकू दे, दुखणार नाही. हा पर्याय दिसायला सोपा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा, कारण कंबर लवकर उघडण्याची चूक तशीच ठेवून फक्त हाताची वाट बदलायची, म्हणजे ताण दुसरीकडे ढकलायचा.

निर्णय आईने केला असं म्हटलं तरी चालेल. ‘सर, हात बिघडला तर मार्चात पेपर कोण लिहिणार? दहावी आहे त्याची,’ ती म्हणाली. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. १५ वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूचं हाडाचं टोक बहुधा पूर्ण जुळलेलं नसतं. तिथला वाढीचा थर अस्थिबंधापेक्षा, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या लिगामेंटपेक्षा, कच्चा असतो आणि सततच्या ओढीने तो आधी दुखावतो. तिथे दुखत असताना तंत्राची दुरुस्ती करत बसणं म्हणजे क्रम चुकवणं. आधी डॉक्टर, मग पाय, असं ठरलं.

काय केलं

बेळगावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड सुटलेलं नव्हतं. दीड महिना फेकणं बंद, चोळणं तर अजिबात नाही, आणि कळ पूर्ण गेल्यावर जवळून सुरुवात. सरांनी मोबाइलवर टॉमी जॉन शस्त्रक्रियेबद्दल वाचून धसका घेतला होता. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्या नावाच्या पिचरच्या कोपरात फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी मनगटाजवळची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, बसवली, तेव्हापासून ते नाव रूढ झालं. डॉक्टरांनी समजावलं की इथे अस्थिबंध शाबूत आहे. मामांना मालिश थांबवायला सांगणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. त्यांना दुसरं काम मिळालं होतं, ते पुढे सांगतो.

फेकणं बंद होतं, पाय बंद नव्हते. हा काळ खरं तर वरदान ठरला. चेंडू हातात नसला की चेंडू कुठे गेला याची चिंता नसते.

सरांनी आधी रेघ ओढून घेतली: डावा पाय या रेघेवरच पडला पाहिजे. असं बहुतेक मैदानांवर करतात आणि ते चूक नाही, पण इथे चाललं नाही. पाय रेघेवर पडू लागला खरा, पण त्यासाठी मुलगा मान खाली घालून पायाकडे बघू लागला, आणि टेकलेल्या पायाची बोटं तशीच बाहेर. कंबर आधीच उघडलेली असल्याने त्याला पाय जबरीने उजवीकडे खेचावा लागत होता. सरांना आणखी काही दिवस रेघेवरच घालवायचे होते. माझं मत पडलं की पुढच्या पायाला हात न लावता कारण शोधावं.

मग एकेक संशय वेगळा करून बघितला. खड्डा बुजवलेल्या कोऱ्या जमिनीवर पाऊल थोडं आत आलं, पण उघडंच. रबराच्या मध्यावर उभं केल्यावर पावलाची जागा बदलली, दिशा बदलली नाही. मागचा पाय रबराला आडवा, पूर्ण समांतर लावून घेतल्यावर फरक डोळ्यांना दिसला: डावं पाऊल कुणी न सांगता रेघेजवळ आलं आणि बोटंही आत वळली. खड्डा आणि जागा ही भर घालणारी कारणं होती; मूळ मागच्या पायात होतं. तीनही गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर चेंडू सुधारला असता, पण कशाने सुधारला ते कळलं नसतं, आणि थकल्यावर चूक परत आली की कुठे हात घालायचा तेही नाही.

त्यानंतर सूचना एकच ठेवली: मागचा पाय आडवा, मग गुडघा वर. पुढच्या पायाबद्दल कुणी काही बोलायचं नाही. भिंतीशी पाठ करून उभं राहायचं, डावा गुडघा उचलायचा, कंबर कडेने सरकवत न्यायची आणि बूड भिंतीपासून दूर न जाता पाऊल टाकायचं. हा व्यायाम त्याने वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, घरी ओसरीवर, कुठेही केला.

मामांचं काम म्हणजे माउंड, पिचर ज्यावरून फेकतो तो मातीचा उंचवटा. शाळेत रबर सपाट जमिनीवर होतं. खरा माउंड १० इंच उंच असतो; रबराच्या पुढे ६ इंच सोडून दर फुटाला एक इंच असा उतार. १९६९ पूर्वी उंची १५ इंच होती, पिचर फारच भारी पडू लागले म्हणून ती उतरवली. उतारावर पुढचा पाय रबरापेक्षा चारेक इंच खाली आणि किंचित उशिरा टेकतो. सपाटीवर शिकलेला मुलगा उताराच्या मैदानावर गेला की पाय टेकायची वाट बघत नाही, छाती आधीच फिरवतो. मामांनी आखाड्याची माती करतात तशी लाल माती चाळली, पाणी मारलं आणि थरावर थर धुम्मसाने ठोकला. पाय पडतो त्या जागी त्यांनी चिकट माती जास्त घातली. पावसात वर ताडपत्री. इतका टणक माउंड मी मोठ्या मैदानांवरही कमी पाहिलाय. दर सरावानंतर खड्डा भरून ठोकायचं काम पिचरनेच करायचं, असा नियमही त्यांचाच.

फेकणं परत सुरू झालं ते जवळून, हळू, आणि मोजून. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट मार्गदर्शनात १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू सांगितलेत. ७५ च्या पुढे गेलं की चार दिवस विश्रांती, ३० पर्यंत मात्र विश्रांतीचा दिवस सक्तीचा नाही. इथे ३० हीच मर्यादा धरली. हिशेब कॅचरकडे दिला, कारण पिचर स्वतःचे चेंडू नेहमी कमीच मोजतो.

निष्पत्ती

तालुक्याला तो खेळला नाही. दुसऱ्या पिचरने संयमाने टाकलं, संघ पुढे गेला आणि जिल्ह्यात हरला. गावात त्यावरून बोलणं झालं. सरांनी ते ऐकून घेतलं.

दिवाळीनंतर बेळगावात एका कॉलेज संघाशी मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने पहिल्या डावापासून टाकलं. पाऊल जागेवर, चेंडू गुडघ्याच्या उंचीला. तिसऱ्या डावात दमल्यावर मागचा पाय परत तिरपा होऊ लागला आणि पहिला उंच चेंडू कॅचरच्या डावीकडे गेला. कॅचर उठून माउंडपर्यंत आला, पायाकडे बोट दाखवलं आणि परत गेला. पुढचे काही चेंडू सरळ. त्यानंतर सरांनी त्याला बदललं. कोपर त्या दिवशी दुखलं नाही आणि नंतरच्या आठवड्यांतही नाही. वेग वाढला का, हे सांगता येत नाही. वेग मोजायची गन कुणाकडे नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, कॅमेरा. पाठीमागून आणि तिसऱ्या बेसच्या बाजूने अशा दोन चित्रफिती जूनमध्येच घेतल्या असत्या तर जुलैच्या दुखण्याआधी मागचा पाय दिसला असता. गोलंदाजांतून पिचर निवडताना छाती समोर ठेवणारा आणि कडेने टाकणारा असे दोन प्रकार वेगळे काढावेत. कडेने टाकणाऱ्याला पाय आडवा लावायला फार शिकवावं लागत नाही, दुसऱ्याला लागतं.

दुसरी, चेंडूंची मोजणी. ती दुखल्यावर सुरू झाली. टेनिस चेंडूच्या हाताला बेसबॉल देताना पहिल्याच दिवसापासून आकडा लिहायला हवा होता, तंत्र अचूक असतं तरीही.

तिसऱ्या गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. सरांच्या मते तो रबराच्या तिसऱ्या बेसकडच्या टोकाला उभा राहावा, बरेच उजवे पिचर राहतात तसा. माझ्या मते मागचा पाय पक्का होईपर्यंत मध्यच बरा; एका वेळी एकच बदल.

आणि एक तिढा सुटलेला नाही. जानेवारीत मंडळांच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. गोलंदाजी केली की मागचा पाय पुन्हा समोर बघू लागतो. डिसेंबरमधल्या एका रविवारनंतर सोमवारी ते स्पष्ट दिसलं. मुलाला क्रिकेट सोडायचं नाही, आणि तसं सांगण्याचा हक्क सरांनाही वाटत नाही. तूर्त ठरलंय ते असं: रविवारी तो फलंदाजी करेल आणि स्लिपमध्ये उभा राहील, गोलंदाजी मार्चच्या परीक्षेनंतर. मंडळाच्या कर्णधाराने हो म्हटलंय, पण उपांत्य सामन्यात गोलंदाजी करावी लागेल का, हे त्याने मोकळं ठेवलं आहे.